मेक मेन्यूकॉन्फिग: लिनक्स कर्नलचा माळा आवरलाय, पण किती?

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल; तो स्वतः बांधताना 'मेक मेन्यूकॉन्फिग' ही आज्ञा दिली की उघडणारा सेटिंगचा मेन्यू म्हणजे जुन्या घराचा माळा. हजारो पर्याय, आणि हवी ती वस्तू नेमकी मागच्या कोपऱ्यात. तरी आवराआवर झालीच नाही असं म्हणता येणार नाही.

इथरनेटचंच घ्या. पूर्वी कार्डांचे ड्रायव्हर १०, १०० आणि १००० मेगाबिट अशा वेगाच्या कप्प्यांत विखुरलेले असत. २०११ च्या सुमारास ते कंपनीनुसार लावले गेले. आता 'इंटेल डिव्हाइसेस' बंद केलं की त्याखालचे सगळे प्रश्न गायब. हे 'इंटेल' नुसतं दार आहे; ते उघडं ठेवल्याने कर्नल एका बाइटनेही फुगत नाही. इथेच नवखे फसतात: दाराला 'वाय' (हो) देतात, आतल्या ई१०००ई या खऱ्या ड्रायव्हरला द्यायचं विसरतात, आणि नवा कर्नल नेटवर्कविना उठतो.

शोध मात्र खरोखर छान. तिरकी रेघ दाबा, पर्यायाचं नाव लिहा. निकालाशेजारच्या कंसातला आकडा दाबला की थेट त्या जागी. शोधात सापडतो पण मेन्यूत दिसत नाही, म्हणजे त्याची अट (दुसरा एखादा पर्याय चालू असणं) पुरी झालेली नाही. झेड दाबलं की असे लपलेलेही दिसतात.

सगळ्यात मोठी डोकेदुखी 'सिलेक्ट'ची, म्हणजे एका पर्यायाने दुसऱ्याला आपोआप चालू करण्याची. एखाद्या पर्यायापुढे दोन आडव्या रेघांमध्ये तारा दिसला की कितीही एन (नाही) दाबा, तो हलत नाही, कारण दुसऱ्या कुणीतरी त्याला धरून ठेवलंय. प्रश्नचिन्ह दाबून मदतीत 'सिलेक्टेड बाय' वाचा आणि आधी त्या धरणाऱ्याला बंद करा. त्यातून 'सिलेक्ट' हा समोरच्या पर्यायाच्या अटीही पाहत नाही. ही रचनेतलीच खोट, मेन्यू कितीही नीट लावला तरी ती झाकत नाही.

हाताने छाटत बसण्यापेक्षा मेक लोकलमॉडकॉन्फिग ही आज्ञा चालवा. या घडीला लोड नसलेली मॉड्यूल्स (कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे तुकडे) ती काढून टाकते. म्हणून आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम सगळं जोडून घ्या. नाहीतर नव्या कर्नलवर पेनड्राइव्ह लावल्यावर व्हीफॅटच (पेनड्राइव्हवरच्या फाइली वाचणारं मॉड्यूल) नसल्याचं कळेल. उबुंटूच्या बूट फोल्डरातली कॉन्फिग फाइल उचलली असेल तर बिल्ड (कर्नल बांधण्याचं काम) 'कॅनॉनिकल-सर्ट्स' ही प्रमाणपत्रांची फाइल मिळत नाही म्हणून अडतो. सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज या दोन्ही पर्यायांतला मजकूर पुसून रिकामा ठेवा.

शेवटी मेक सेव्हडेफकॉन्फिग ही आज्ञा. डीफॉल्टपेक्षा वेगळं तेवढंच डेफकॉन्फिग नावाच्या छोट्या फाइलीत उरतं. पुढच्या आवृत्तीला तीच फाइल डॉट-कॉन्फिग (कर्नलची मुख्य सेटिंग फाइल) नावाने ठेवून मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवायचं. मेन्यूकॉन्फिग चालवायला एनकर्सेसचं डेव्ह पॅकेज, फ्लेक्स आणि बायसन ही साधनं आधी इन्स्टॉल केलेली लागतात. माउसच हवा असेल तर क्यूटीवर (खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी) चालणारा एक्सकॉन्फिग आहे, पण एसएसएचवरून, म्हणजे दुरून अक्षरी टर्मिनलमधून, सर्व्हरवर काम करणाऱ्याला त्याचा काय उपयोग!