दुधाची ॲलर्जी आणि प्रोबायोटिकच्या पुड्या: तीन महिन्यांचा अनुभव

माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे. पेढ्याचा कण जिभेला लागला तरी हनुवटीपासून कानापर्यंत गांधी उठतात. म्हणून मेडिकलवाले दादा म्हणाले, "ताई, पोटातले जिवाणू सुधारले की ॲलर्जी जाते," तेव्हा मी लगेच प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणूंच्या, पुड्यांचा बॉक्स घेतला. दहा पुड्या, 280 रुपये.

घरी पुडी कोमट पाण्यात कालवायला घेतली आणि खोक्याची दुमडलेली कड उलगडली. बॅच नंबरच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'दूध असते'. समोर मात्र ठळक 'लहान मुलांसाठी'. माझे हातपायच गळाले. हे जिवाणू पुष्कळदा दुधावर वाढवतात, त्याचा अंश पावडरीत राहू शकतो. हे मला तेव्हा कोणीच सांगितलं नव्हतं.

तो बॉक्स बाजूला ठेवून दूध नसलेल्या पुड्या आणल्या, डॉक्टरांना दाखवल्या, मगच सुरू केल्या. तीन महिने रोज एक. नाचणीच्या पेजेत मिसळली की चव कळत नाही. मधे अँटिबायोटिकनं पोट बिघडलं होतं, ते या वेळी लवकर सावरलं. पोटासाठी मी पाचपैकी चार देईन.

ॲलर्जीसाठी एकही नाही. तीन महिन्यांनी हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांसमोर, थेंबाथेंबानं दूध वाढवत चाचणी केली. तिसऱ्याच मात्रेला ओठांभोवती लाल चट्टे आले.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. 2015 साली मेलबर्नमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या 62 मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या मुलांना प्रोबायोटिक आणि सोबत वाढत्या मात्रेत शेंगदाण्याचं प्रथिन दिलं, बाकीच्यांना नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच पूड. उपचार घेतलेल्यांपैकी बहुतेकांना शेंगदाणे पचू लागले, आणि श्रेय प्रोबायोटिकला मिळालं. पण 2022 मध्ये 201 मुलांचा मोठा अभ्यास आला. त्यात शेंगदाणा प्रोबायोटिकसह घेणाऱ्या 46 टक्के मुलांना गुण आला, प्रोबायोटिकशिवाय नुसता शेंगदाणा घेणाऱ्या 51 टक्के मुलांना. म्हणजे गुण होता तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या शेंगदाण्याचा. (घरी कुणी असलं करू नका, जिवावर बेतू शकतं.)

शेजारच्या काकू मायेनंच म्हणतात, "दह्यात तेच तर असतं, जरा चाटव." काकू, दही दुधाचंच असतं हो.

मेडिकलवाल्या दादांना मी ते पहिलं खोकं नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि फळीवरच्या त्याच पुड्यांच्या बाकीच्या सगळ्या खोक्यांवर लाल मार्करनं लिहिलं: दूध आहे.