झरमॅट: गाडी टॅशलाच ठेवा, पुढे पायांची मजा

गेल्या जूनमध्ये स्वित्झर्लंडला गेलो तेव्हा आई-बाबांना घेऊन दोन रात्री झरमॅटला राहिलो. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी, त्यामुळे भाड्याची कार पाच किमी आधी टॅशच्या पार्किंगमध्ये सोडायची आणि शटल ट्रेन पकडायची. साधारण दर २० मिनिटांनी गाडी, १२ मिनिटांत झरमॅट. आणि सामानाची ट्रॉली थेट डब्यात ढकलत नेता येते राव, चार बॅगा असून आईला एकही उचलावी लागली नाही!

गावात चौकोनी डब्यासारख्या इलेक्ट्रिक टॅक्स्या फिरतात, आवाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे मागून कधी येऊन उभी राहते कळतच नाही, बाबा दोनदा दचकले. आमच्या हॉटेलने स्टेशनवर गाडी पाठवतो म्हणून सांगितलं होतं, अर्धा तास थांबलो तरी पत्ता नाही, शेवटी टॅक्सी केली आणि जेमतेम पाच मिनिटांच्या रस्त्याला जे पैसे गेले ते अजून डोक्यात आहेत. सामान कमी असेल तर सरळ चालत जा, गाव छोटंसं आहे.

गोर्नरग्राट डोंगरावर जाणारी दातेरी रुळांची ट्रेन मात्र चुकवू नका. १८९८ पासून विजेवर चालतेय, ३०८९ मीटरवर नेऊन सोडते. तिकीट महाग आहे पण स्विस ट्रॅव्हल पास असेल तर निम्मं. चढताना उजवीकडे बसा, मॅटरहॉर्नचा प्रसिद्ध सुळका तिकडेच दिसतो.

बाबांचं मत: "माथेरानच की रे, फक्त घोड्यांची लीद नाही."