गोलाध्यायाचे दहा रविवार

निवृत्तीनंतर भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या खगोलगणिताच्या ग्रंथातल्या गोलाध्यायाचा ऑनलाइन वर्ग लावला. दहा रविवार, सकाळी दीड-दीड तास, फी १८०० रुपये. मी चाळीसगावची, ३० वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जवळच्या पाटणादेवीला सहल नेली की १२०७ सालचा शिलालेख दाखवायचे. आचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ती नोंद. ग्रंथ मात्र मी कधी उघडला नव्हता.

आजी भागवत वाचायची. त्यातल्या सात द्वीपांपैकी एकटं जंबुद्वीपच लाख योजनांचं (योजन हे अंतराचं जुनं माप). आचार्यांच्या गणितात अख्ख्या पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं! ही दोन मतं एकाच धर्मात कशी नांदली, एवढंच मला विचारायचं होतं.

तिसऱ्या रविवारी भुवनकोश, म्हणजे विश्वाच्या रचनेचं प्रकरण, लागलं. सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तीनेच: प्रकृती-पुरुष, महत्, अहंकार, पंचमहाभूतं, मग ब्रह्मांड. आणि लगेच पृथ्वीला आधार लागतो का, हा प्रश्न. आधार मानला तर त्याला दुसरा, त्याला तिसरा. शेवटचा स्वतःच्या बळावर राहतो म्हणायचं, तर पृथ्वीच का नाही? पुराणातला मेरू पर्वत आचार्यांनी टाकला नाही, उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवला. खारा समुद्र विषुववृत्तावर, बाकीची सहा द्वीपं दक्षिणेला.

ग्रहणाच्या दिवशी राहूचा श्लोक गुरुजी गाळतील असं वाटलं होतं. नाही गाळला. राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो आणि चंद्रात शिरून सूर्याला, शंभूच्या वराने. म्हणजे गणित छायेचंच, राहूला त्यात जागा दिलेली. हे सगळ्या आगमांना, म्हणजे शास्त्रग्रंथांना, अविरुद्ध आहे, असं आचार्य पुढे म्हणतात. त्यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि त्या पाऊण तासातच माझी फी वसूल झाली.

त्याच ग्रंथाच्या गणिताध्यायातला एक श्लोकही गुरुजींनी मुद्दाम आणला. आकाशकक्षेचा, म्हणजे आकाशाच्या घेराचा, आकडा १८७१२०६९२०००००००० योजनं. कुणी म्हणतं हा ब्रह्मांडाचा परीघ. आचार्यांचं उत्तर: ‘ब्रह्माण्डमेतन्मितमस्तु नो वा’. ब्रह्मांड एवढं असो वा नसो, एका कल्पात (ब्रह्मदेवाच्या एका दिवसात) ग्रह एवढी योजनं चालतो, हे आमचं मत. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तक्रारी आहेत. टिपणांच्या पीडीएफमधल्या आकृत्या इतक्या पुसट, की मी त्या वहीत पुन्हा काढल्या. आणि पाथरीच्या ज्ञानराजाला जेमतेम दहा मिनिटं. १५०३ च्या सुमारास या आपल्या मराठवाड्यातल्या माणसाने पुराण आणि सिद्धान्त (खगोलगणिताचे ग्रंथ) यांचा मेळ घालायला नवा ग्रंथ लिहिला. त्याला एक अख्खा रविवार द्यायलाच हवा होता. तसं संस्थेला कळवलंय.

दहावीपर्यंतचं संस्कृत पुरतं. त्रिकोणमिती तेवढी आधी उजळून घ्या, छायेचा भाग त्याशिवाय हाती लागत नाही.