घोड्याच्या दम्यासाठी तबेल्यात येणारे डॉक्टर (अलिबाग) – आमचा अनुभव

अलिबाग, नागाव, काशीद पट्ट्यात ज्यांच्याकडे घोडे आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. आमची बिजली, 12 वर्षांची घोडी, पावसाळा सरता सरता खोकायला लागली, मग धाप, नाकपुड्या फुगलेल्या, बरगड्यांच्या खाली पोटाला लांब खाच पडलेली, आणि ताप मात्र अजिबात नाही. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी सर्दी म्हणून अँटिबायोटिकच चालू ठेवलं, काडीचा फरक नाही. मग ओळखीतून हे मुंबईचे घोड्यांचे डॉक्टर मिळाले, रोरोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरतात आणि तबेल्यात येऊन बघतात.

मला सगळ्यात पटलं ते हे, की घोडीला हात लावायच्या आधी त्यांनी तबेला बघितला. पेंढ्याची उडवी भिंतीला लागूनच होती, त्यातली एक पेंढी ओढून उन्हात झटकली तर पांढरट धूळ उडाली, सगळी बुरशी! म्हणाले पावसाची दमट हवा, बंद तबेला आणि हा पेंढा, हेच हिच्या फुफ्फुसात जातंय, आणि तोबऱ्यात कोरडा कोंडा दिला की तर नाक त्यातच.

मग पोटाची हालचाल बघत श्वास मोजले. आरामात उभ्या घोड्याचे मिनिटाला 8 ते 16 असतात, हिचे 30 च्या पुढे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासायला पाठवलं, कारण तो माणसालाही होतो आणि सरकारला कळवावा लागतो, तो नाही हे कळल्यावर जिवात जीव आला. नंतर हलकी गुंगी देऊन नाकातून दुर्बीण घातली, फुफ्फुसात सलाइन सोडून परत ओढलं आणि लॅबला दिलं. त्यात न्यूट्रोफिल नावाच्या पेशी बघतात, निरोगी घोड्यात 5 टक्क्यांच्या आसपास किंवा कमी, गंभीर दम्यात 25 च्या वर, आमच्या बिजलीच्या त्याहूनही बऱ्याच जास्त निघाल्या. मी अॅलर्जीची ब्लड टेस्ट करू का विचारलं तर सरळ नको म्हणाले, घोड्यात तिच्यावर निदान ठरवता येत नाही, पैसे कशाला घालवता. असा डॉक्टर मिळणं कठीण आहे हो.

औषधात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ते हळूहळू कमी करत नेलं, आणि श्वासनळ्या मोकळ्या करणारं क्लेनब्युटेरॉल. स्टेरॉइडने खुरांना सूज येऊ शकते म्हणून रोज खूर गरम लागतात का ते हाताने बघायला शिकवलं. पण खरा उपाय हवा बदलणं, हे त्यांनी दहादा बजावलं. उडवी लांब नेली, पेंढा अर्धा तास पाण्यात बुडवून ओलाच देतो (आपल्याकडच्या उकाड्यात उरलेला लगेच आंबतो, तो फेकायचा), कोंडा पाणी शिंपडून, झाडलोट घोडी बाहेर असताना, आणि रात्रीही ती उघड्या पडवीत. काही आठवड्यांत खोकला जवळजवळ गेला. हा आजार कायमचा जात नाही, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

तक्रार म्हणाल तर फी जास्त आहे, एका घोड्यावर घर चालवणाऱ्याला परवडणार नाही, दोन-तीन तबेल्यांनी मिळून बोलवा म्हणजे येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो. आणि समुद्र खवळला, बोट रद्द झाली की व्हिजिट पुढे जाते. पाचपैकी साडेचार. बोलावताना आधी व्हिडिओ मागतात, घोडा सावलीत शांत उभा असताना बाजूने पूर्ण एक मिनिट घ्या, नाकपुड्या आणि पोट दोन्ही दिसले पाहिजेत.