वॉरंटीतील पीसीबी बदल: तंत्रज्ञ चोख, सर्व्हिस सेंटर ढिसाळ

इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर युनिटमधला पीसीबी, म्हणजे युनिट चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, बंद पडला की प्रत्यक्ष दुरुस्तीपेक्षा बदली भागाची ये-जा ग्राहकाला अधिक थकवते. आमच्या भागातील एका अधिकृत सर्व्हिस सेंटरचा हा अनुभव त्याविषयीच आहे.

तंत्रज्ञाचे काम वाखाणण्यासारखे होते. मेन स्विच बंद केल्यावर त्यांनी लगेच हात घातला नाही. बोर्डावरील मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते, म्हणून ते थांबले, मीटर लावून खात्री केली आणि मगच वायरी सोडवल्या. मागवलेला नवा बोर्ड आला तेव्हा खोक्याचा कोपरा चेपलेला होता. त्यांनी खोके आमच्यासमोर उघडले, बोर्ड कडेने धरून बाहेर काढला आणि एका कनेक्टरच्या पिना वाकलेल्या दिसताच, त्या सरळ करून बसवण्याचा खटाटोप न करता, फोटो घेतले व जॉबशीटवर (केलेल्या कामाच्या नोंदीचा कागद) ‘भाग खराब अवस्थेत मिळाला, बसवलेला नाही’ असा शेरा अनुक्रमांकासह लिहिला. हा शेरा फार मोलाचा असतो, कारण तो नसेल तर भाग बसवताना मोडला असे म्हणायला जागा राहते आणि त्याचा भुर्दंड तंत्रज्ञावर किंवा ग्राहकावर पडू शकतो.

सेंटरने मात्र निराशा केली. खराब बोर्ड परत गेला, पण त्यांच्या संगणकात ‘भाग दिला’ एवढीच नोंद राहिली. त्यामुळे तक्रार बंद करण्यासाठी फोनवरून ओटीपी मागण्यात आला आणि दुसऱ्या बोर्डासाठी नव्याने तक्रार नोंदवायला सांगितले. एसी बंद असताना तक्रार मिटली असे दाखवणे मला मुळीच मान्य नाही. ओटीपी न देता जॉबशीटचा फोटो पाठवल्यावरच जुन्या तक्रार क्रमांकावर दुसरा बोर्ड निघाला. तो व्यवस्थित वेष्टनात आला आणि एसी सुरळीत चालू आहे.

वॉरंटीत बदललेला जुना भाग सहसा कंपनीकडे परत जातो, आणि नव्या भागाला बहुतेकदा मूळ वॉरंटीची उरलेलीच मुदत मिळते. म्हणून दोन्ही अनुक्रमांक जॉबशीटवर आहेत ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे. सेंटर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

तंत्रज्ञाला पाचपैकी पाच गुण, सेंटरला दोन.