घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीची फायरवॉल: काही महिने वापरल्यानंतर

इंटरनेट कंपनीने दिलेला डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो फक्त कनेक्शन पुढे सोडतो, राउटरचं काम करत नाही) टाकून त्याच्यामागे ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर चढवलेला राउटर लावला, त्याला आता बरेच महिने झाले. या काळात फायरवॉलचे, म्हणजे कुठली वाहतूक सोडायची आणि कुठली अडवायची याचे, नियम लिहिले, काही काढून टाकले, आणि आता ते स्थिरावलेत. मत आधीच सांगून टाकतो. बाहेरून येणारं रोखणं एवढाच हेतू असेल तर एवढा खटाटोप करायची गरज नाही; ते काम बरेचसे साधे राउटरही करतात. खरा फायदा झाला तो घराच्या आत. कॅमेरा, टीव्ही, लॅपटॉप, पाहुण्यांचे फोन यांच्यापैकी कोणी कोणाशी बोलणं सुरू करायचं, हे आता मी ठरवतो.

घरच्या नेटवर्कचा धोका समजून घ्यायचा तर २०१६ साल आठवावं. त्या वर्षी मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची पद्धत अगदी साधी होती. टेलनेटचं (दुरून लॉगिन करायच्या जुन्या सोयीचं) २३ किंवा २३२३ नंबरचं पोर्ट, म्हणजे उपकरणाचं क्रमांक दिलेलं दार, उघडं दिसलं की कारखान्यातून आलेले ठरावीक युजरनेम-पासवर्ड लावून बघायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटरनेट कंपन्या ग्राहकांचे राउटर दुरून सांभाळण्यासाठी वापरतात त्या ७५४७ पोर्टवर हल्ला झाला आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं कनेक्शन विस्कळीत झालं. म्हणजे दोन गोष्टी: घरातलं स्वस्त उपकरण हा कच्चा दुवा असतो, आणि राउटर स्वतःही हल्ल्याचं लक्ष्य असतो. फायरवॉलने या दोन्हींचा विचार करायला हवा.

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरसाठीचं लिनक्स. २०२२ मध्ये आलेल्या २२.०३ आवृत्तीपासून त्याची फायरवॉल आयपीटेबल्स ही लिनक्सची जुनी यंत्रणा सोडून एनएफटेबल्स या नव्या यंत्रणेवर गेली. त्यामुळे जुन्या लेखांतल्या आयपीटेबल्सच्या ओळी जशाच्या तशा चिकटवून काम होत नाही. लुसी हे त्याचं ब्राउझरमधून चालणारं पॅनेल. माझं जवळजवळ सगळं काम त्यातूनच झालं.

नव्या माणसाचा घोळ होतो तो तीन शब्दांवर: इनपुट, आउटपुट, फॉरवर्ड. झोन म्हणजे सारखेच नियम लागणाऱ्या नेटवर्कचा गट, आणि प्रत्येक झोनपुढे हे तीन रकाने असतात. इनपुट म्हणजे त्या झोनमधून खुद्द राउटरकडे येणारी पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे). आउटपुट म्हणजे राउटरने स्वतः त्या झोनकडे पाठवलेली. आणि फॉरवर्डचा रकाना एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये जाण्याबद्दलचा नाही! एकाच झोनमध्ये दोन नेटवर्क घातली असतील तर त्यांच्यामधल्या वाहतुकीबद्दलचा तो रकाना आहे. झोन ते झोन परवानगी वेगळ्या ठिकाणी द्यावी लागते. हा फरक नीट कळला की पुढचं सगळं सोपं जातं. तो न कळता नियम टाकत राहिलं तर बंद वाटणारं दार उघडं राहतं.

माझी मांडणी आता चार झोनची आहे. पहिला बाहेरचा. दुसरा घरच्यांचे लॅपटॉप-फोन. तिसरा टीव्ही, स्पीकर, प्रिंटर, स्मार्ट प्लग वगैरे उपकरणांचा. चौथा पाहुण्यांचा. घरच्या झोनमधून उपकरणांकडे आणि बाहेर दोन्हीकडे जाता येतं. उपकरणांना बाहेर जाता येतं, पण घरच्या झोनकडे ती स्वतःहून वळू शकत नाहीत. मग मी लॅपटॉपवरून प्रिंटरला काही पाठवलं तर त्याचं उत्तर परत कसं येतं? कारण फायरवॉल प्रत्येक कनेक्शन कोणी सुरू केलं याची नोंद ठेवते आणि सुरू झालेल्या संभाषणाचं उत्तर आपोआप आत सोडते. ही नोंदवहीच सगळ्या मांडणीचा कणा आहे. तिच्यामुळे परतीच्या वाटेसाठी एकही नियम लिहावा लागत नाही. अशा नियमांनी यादी भरलेली पाहिली की मला काळजी वाटते, कारण परतीसाठी म्हणून उघडलेली वाट नव्या कनेक्शनलाही चालते.

उपकरणांच्या झोनचं इनपुट मी नाकारलेलं आहे. म्हणजे टीव्हीला राउटरचं लॉगिन पान दिसतच नाही. पण तेवढंच करून थांबलं तर टीव्हीला आयपी पत्ताच मिळत नाही, कारण पत्ता मागायची विनंतीही राउटरकडेच येते. म्हणून दोन छोटे नियम लागतात: डीएचसीपीसाठी (पत्ते वाटणारी सोय) यूडीपी ६७ आणि डीएनएससाठी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) ५३, तेही टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींवर. पाहुण्यांच्या झोनलाही हेच.

कॅमेऱ्यांवर थोडं जास्त लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. त्यांना मी बाहेर जायलाच बंदी केली. त्यांचा झोन उपकरणांचाच, पण त्यांच्या ठरावीक पत्त्यांसाठी वरती एक वेगळा नाकारणारा नियम. रेकॉर्डिंग घरातच साठतं, त्यामुळे त्यांना इंटरनेट लागायचं कारण नाही. नियम लागला त्या दिवशी काहीच बिघडल्यासारखं वाटलं नाही. पुढे काही आठवड्यांनी रेकॉर्डिंगवरची वेळ मागेपुढे दिसू लागली. कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ बाहेरच्या एनटीपी सर्व्हरकडून वेळ घेत होतं आणि ती वाट आता बंद होती. लॉग, म्हणजे राउटरच्या घडामोडींची नोंद, उघडला तर यूडीपी १२३ या एनटीपीच्या पोर्टवर नाकारलेल्या पॅकेट्सची रांग दिसली. उपाय छान निघाला. ओपनडब्ल्यूआरटीला स्वतःच वेळ सांगणारा सर्व्हर बनवता येतं, फक्त एका चौकोनात टिचकी मारायची. मग कॅमेऱ्यांकडून १२३ पोर्टवर जे काही बाहेर निघेल ते राउटरकडेच वळवायचं. आता कॅमेऱ्यांना इंटरनेट नाही, तरी वेळ बरोबर आहे.

त्याच लॉगमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. टीव्हीला राउटरने डीएनएसचा पत्ता दिलेला असूनही तो थेट बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारत होता. त्यामुळे जाहिरातींचा माग काढणारी नावं अडवायची मी केलेली सोय त्याच्यापुरती निकामी ठरत होती. पोर्ट ५३ वरची सगळी वाहतूक राउटरकडे वळवली, एन्क्रिप्टेड डीएनएसचं ८५३ पोर्ट नाकारलं, आणि टीव्ही निमूटपणे चालू राहिला. पण इथे मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. एखादं ॲप डीएनएसचे प्रश्न ४४३ पोर्टवरून एन्क्रिप्ट करून पाठवत असेल तर पोर्ट पाहून ते इतर वेब वाहतुकीपासून वेगळं ओळखता येत नाही. फारतर माहितीतल्या सर्व्हरची यादी करून ती अडवता येते, आणि ती यादी कधीच पुरी होत नाही.

झोन वेगळे केल्याची किंमतही मोजावी लागते. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकायचा, प्रिंटर आपोआप दिसायचा, हे सगळं एमडीएनएस या जवळची उपकरणं शोधायच्या पद्धतीवर चालतं, आणि ते मुळातच एका नेटवर्कपुरतं असतं. राउटर ते पलीकडे नेत नाही. त्यासाठी अवाही नावाचं पॅकेज टाकून त्याचं रिफ्लेक्टर (हे निरोप एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पोचवणारी सोय) चालू करावं लागलं आणि उपकरणांच्या झोनमधून यूडीपी ५३५३ राउटरपर्यंत येऊ द्यावं लागलं. प्रिंटर मात्र मी ठरावीक पत्ता देऊन लॅपटॉपवर त्याच पत्त्याने जोडला. ते जास्त भरवशाचं निघालं.

आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीबद्दल लोक फार कमी बोलतात आणि मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या आयपीव्ही४ मध्ये नॅटमुळे (सगळं घर एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतं त्यामुळे) घरातली उपकरणं बाहेरून सहज गाठता येत नाहीत, म्हणून अनेकांना नॅट हीच सुरक्षा वाटते. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक लॅपटॉपला, प्रत्येक फोनला जगभरातून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळतो. मध्ये उभी असते ती फक्त फायरवॉल. ओपनडब्ल्यूआरटी मुळातच बाहेरून आत येणारी नवी कनेक्शन रोखतं, ही फार दिलाशाची गोष्ट. पण त्याच यादीत आयसीएमपीव्ही६ ला (आयपीव्ही६ नेटवर्कच्या कामकाजाच्या निरोपांना) परवानगी देणारे नियम दिसतात आणि जास्त सुरक्षेच्या नादात ते पुसायचा मोह होतो. ते अजिबात पुसू नयेत. शेजारचं उपकरण शोधणं, राउटरची माहिती मिळवणं, पॅकेट फार मोठं झालंय हे पाठवणाऱ्याला कळवणं, ही सगळी कामं आयपीव्ही६ मध्ये त्या संदेशांवरच चालतात. वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत, त्यामुळे तो निरोप अडला की काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, आणि कारण शोधताना डोकं पिकतं. कुठलं सोडावं, कुठलं अडवावं, याचं मार्गदर्शन आरएफसी ४८९० या तांत्रिक दस्तऐवजात आहे. ते २००७ चं असलं तरी वाचण्यासारखं आहे. उपकरणांच्या झोनमध्ये मी आयपीव्ही६ दिलेलंच नाही. तिथे त्याची गरज पडली नाही.

बाहेरून घरात यायचं असेल तर पोर्ट फॉरवर्ड करण्याऐवजी (बाहेरचं पोर्ट थेट घरातल्या उपकरणाशी जोडण्याऐवजी) वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा एन्क्रिप्टेड बोगदा. एकच यूडीपी पोर्ट उघडायचं, आणि ज्याच्याकडे योग्य की नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट तपासणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. वरच्या चार झोनखेरीज वायरगार्डसाठी वेगळा झोन केला आणि त्याला फक्त कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरपर्यंत वाट दिली. मात्र राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात, आणि आयपीव्ही४ वरून आत येता येणार नाही. मग आयपीव्ही६ चा आधार घ्यावा लागतो.

यूपीएनपी ओपनडब्ल्यूआरटीमध्ये मुळात बसवलेलंच नसतं. ते तसंच राहू द्यावं असं माझं ठाम मत आहे. घरातल्या कुठल्याही प्रोग्रामने न विचारता बाहेरचं पोर्ट उघडायचं, हा प्रकारच मला पटत नाही. गेमच्या कन्सोलला तक्रार असेल तर त्याला कायमचा पत्ता देऊन हवं तेवढंच पोर्ट हाताने उघडावं.

तपासणीबद्दल एक मोलाची गोष्ट. घरातूनच आपल्या बाहेरच्या आयपी पत्त्यावर एनमॅप हे पोर्ट तपासणारं साधन चालवलं तर लॉगिनची पोर्टं उघडी दिसतात आणि पोटात गोळा येतो. ते चित्र खोटं असतं, कारण पॅकेट घरच्या झोनमधून राउटरकडे गेलेलं असतं आणि त्या झोनला परवानगी आहे. खरी तपासणी बाहेरून करायची: लॅपटॉप फोनच्या मोबाइल डेटावर जोडायचा आणि मग तपासायचं. आयपीव्ही६ साठी राउटरचा पत्ता तपासून भागत नाही. घरात राहिलेल्या एखाद्या संगणकाचा स्वतःचा आयपीव्ही६ पत्ता तपासावा लागतो. मी दर अपडेटनंतर हे दोन्ही करतो.

नियमांत बदल करताना लुसीची एक सोय फार आवडली. बदल लागू केल्यावर ९० सेकंदांत ब्राउझर पुन्हा राउटरपर्यंत पोचला नाही तर बदल आपोआप मागे घेतले जातात. स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची भीती त्यामुळे बरीच कमी होते. त्यातूनही अडकलं तर राउटर मूळ सेटिंगवर सुरू करणारा फेलसेफ मोड आहेच.

उणिवाही आहेत. लॉग मेमरीत राहतो, रीबूट झाला की गेला; टिकवायचा तर दुसऱ्या संगणकावर पाठवायची सोय करावी लागते. नवी आवृत्ती चढवताना सेटिंग टिकतात, पण हाताने टाकलेली पॅकेजेस टिकत नाहीत. अटेंडेड सिसअपग्रेड ही अपडेटची सोय वापरली तर तीही त्याच इमेजमध्ये येतात, म्हणून मी आता तेच वापरतो. मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकावर) लिहिलेले नियम फोनसाठी निरुपयोगी ठरले, कारण हल्लीचे फोन वायफायवर खासगी, बदलता येणारा मॅक पत्ता दाखवतात. कोण कुठल्या झोनमध्ये जाणार हे वेगवेगळ्या वायफाय नावांनी ठरवणंच बरं. आणि प्रत्येक नियमाला नाव द्यावंच. महिन्याभराने नुसता पोर्ट नंबर पाहून तो कशासाठी लिहिला होता ते आठवत नाही.

घ्यायचा विचार असेल तर राउटर निवडण्यापूर्वी ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरणांच्या तक्त्यात तो आहे का, आणि त्याच मॉडेलची नेमकी कुठली हार्डवेअर आवृत्ती चालते, हे पाहा. एकाच नावाखाली आत वेगळी चिप असलेले राउटर सर्रास मिळतात. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅमवाले जुने राउटर यासाठी घेऊ नका. १६ आणि १२८ च्या खाली जायचंच नाही, आणि वायरगार्डही वापरणार असाल तर प्रोसेसर जरा दमदार बघा.