माणग्याचं शोभेचं कुंपण: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

आमचं घर कुडाळ तालुक्यात. हद्दीला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी बांध आहे, गुरं अडवायला तो पुरेसा आहे. हे माणगा जातीच्या बांबूचं कुंपण त्याच्या आत, अंगण आणि परसबाग यांच्यामधे घातलंय, निव्वळ शोभेसाठी. कमरेएवढं उंच, साधारण 30 फूट लांब, मधे ये-जा करायला छोटं बेडं. दिवाळीनंतर उभं केलं. त्यावरून कडक ऊनही गेलं आणि कोकणातला अख्खा पावसाळाही गेला, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल.

पहिली गोष्ट: शोभेचं कुंपण हद्दीवर नको, आत घाला. आमचं अंगण आणि परसबाग आधी एकात एक मिसळलेली होती. नजर थेट मागच्या गडग्यावर जायची. आता आधी कुंपणाची रेघ दिसते, तिच्या फटींतून हळदीची, अळवाची पानं दिसतात, आणि मागे केळी. जागा तेवढीच आहे, पण खोल वाटते. त्यासाठी कुंपण कमी उंचीचं आणि आरपार दिसणारं हवं. जपानी बागांमधे योत्सुमेगाकी नावाची रचना असते, उभ्या-आडव्या बांबूंची मोकळी चौकट. चहाघराच्या बागेत आतल्या दोन भागांमधे ती घालतात. आम्ही तीच डोळ्यासमोर ठेवली. गच्च भिंतीसारखं कुंपण इथल्या वाऱ्यात मला नकोच होतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा वारा आडव्या पत्र्यांची काय गत करतो ते आम्ही बघितलंय. मोकळ्या चौकटीतून वारा निघून जातो. यंदा जून-जुलैच्या झोडपण्यात एकही खांब हललेला नाही.

बांबू माणगा आहे. आमच्या भागात तो सहज मिळतो, बिनकाट्याचा, सरळ आणि जवळजवळ भरीव. भरीव असल्यामुळे स्क्रू धरतो, चेपत नाही. तरी आधी ड्रिलने भोक पाडूनच स्क्रू घालायचा, नाहीतर उभी चीर जाते. बांबू 3-4 वर्षांचा, थंडीत तोडलेला घ्या. कोवळ्या काठीत पिठूळ अंश जास्त, आणि बांबू पोखरून पीठ पाडणारा भुंगेरा येतो तो त्यासाठीच. आमचा माल बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवलेला होता. घेताना एक ध्यानात ठेवा, हे औषध पाण्यात विरघळतं, म्हणजे उघड्यावर पावसात ते हळूहळू धुऊन जाणार. म्हणून वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. आतापर्यंत मुख्य कुंपणात कुठेही पीठ पडलेलं नाही.

काम सुरू करताना मेस्त्रींनी एकच सांगितलं होतं, “वैनी, पाणी खंय रवता ता आधी बघा. बांबू थंयसूनच कुसतलो.” म्हणजे पाणी कुठे थांबतं ते आधी बघा, बांबू तिथूनच कुजणार. कुंपणाचा सगळा जीव या वाक्यात आहे. जमिनीत थेट पुरलेला, औषध न लावलेला बांबू 1 ते 3 वर्षांत जातो. आमच्याकडे म्हणूनच पूर्वापार दरवर्षी पावसाळा सरला की वई, म्हणजे काठ्यांचं कुंपण, नव्याने घालतात. शोभेच्या कामाला ते परवडत नाही. आमच्या कुंपणाचा एकही बांबू मातीला टेकलेला नाही. खाली चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाचा, एक थर, त्यात दर 6 फुटांवर लोखंडी पट्टीची खुंटी, खुंटीला उभा बांबू आवळलेला, आणि मधल्या काठ्या चिऱ्यापासून चार बोटं वर. पावसात अंगणातला चिखल उडतो तो चिऱ्यावर बसतो, बांबूपर्यंत थोडाच पोचतो. खालच्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल चोपडलंय. होड्यांच्या लाकडाला लावतात तेच. हात भाजतात, हातमोजे घालूनच लावायचं. रंग काळपट होतो, पण चिऱ्याच्या तांबड्यावर तो उठून दिसतो.

पाणी थांबायची दुसरी जागा म्हणजे वरचं टोक. काठी दोन गाठींच्या मधे कापली आणि ती थोडीशी जरी पोकळ असली तरी वर वाटी तयार होते. पावसाचं पाणी साचतं, त्यात डासांची अंडी. डेंग्यूच्या दिवसांत हे घराशेजारी नको. प्रत्येक उभी काठी गाठीच्या लगेच वर कापून घ्या. गाठीचा पडदा आतून बंद असतो, त्यामुळे पाणी ओघळून जातं. मेस्त्रींनी एकेक काठी हातात फिरवून, गाठ बघून कापली. त्यामुळे वरची ओळ अगदी सरळ नाही, थोडी खालीवर आहे. मला तर ती सरळ ओळीपेक्षा जास्त आवडते.

बांधणी काथ्याच्या सुंभाची आहे. नायलॉन टिकाऊ असेल, पण बांबूवर तो डोळ्यात खुपतो. बाइंडिंग वायर गंजते आणि काठीवर तांबडे ओघळ उमटतात. सुंभ श्रावणापर्यंत छान राहिला, मग काही गाठी सैल पडल्या. भार स्क्रूवर असल्याने काही बिघडलं नाही. सुंभ इथे दागिना आहे, दर वर्षी-दोन वर्षांनी बदलायचा.

वेल हलके सोडा. आम्ही गोकर्ण आणि गणेशवेल लावली. चतुर्थीच्या सुमारास गणेशवेलीची लालचुटुक फुलं भरात आली तेव्हा येणारा प्रत्येक जण आधी कुंपणापाशी थांबत होता. मधुमालती किंवा बोगनवेल मात्र यावर नको. वजन तर होतंच, शिवाय दाट पाल्याखाली बांबू सुकत नाही. कृष्णकमळ एका टोकाला, वेगळ्या तारेवर चढवलंय. त्यावर मोठा काळा-निळा भुंगा येतो, परागीभवन तोच करतो. तो वाळलेल्या पोकळ बांबूत घर करतो. भरीव माणगा त्याला कामाचा नाही, म्हणून कळकाचे दोन तुकडे मागच्या पागोळीखाली आडवे टांगून ठेवलेत. एकात त्याचं येणं-जाणं सुरू झालंय.

आता तक्रार. कपडे वाळवायच्या कोपऱ्याला आडोसा म्हणून बारीक काड्यांचं तयार गुंडाळी-कुंपण ऑनलाइन मागवलं होतं. “प्रक्रिया केलेलं” असं पाकिटावर छापलेलं. उन्हाळ्यातच खाली पिवळं पीठ पडू लागलं आणि पावसात विणीची तार गंजून तुटली. ते काढून टाकलं. विकत घेणाऱ्यांनी निदान प्रक्रिया कशाची आणि विणीला तार कुठली, हे लेखी विचारावं.

देखभाल आहे, ती टाळता येत नाही. सावलीच्या बाजूला शेवाळ आणि काळे ठिपके आले. काथ्याच्या ब्रशने पाणी मारून घासल्यावर बरेचसे गेले. उन्हाच्या बाजूचा पिवळा रंग उडून राखाडी झाक आलीय, तेल दिलं की थोडी ऊब परत येते. वॉर्निश लावू नका, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली पाणी शिरतं.

खर्चात निम्म्याहून जास्त मजुरी गेली, बांबू स्वस्त पडला. माणूस मिळणं हीच खरी अडचण, कारण गाठ बघून कापणारे हात कमी होत चाललेत. आता विहिरीकडच्या वाटेला असंच कुंपण न्यायचंय. तिथे सावली जास्त, म्हणून चिऱ्याचे दोन थर घेणार आहोत. कार्तिकात तोड सुरू होईल, काठ्यांसाठी आत्ताच सांगून ठेवलंय.